दर्यावरचे दंड, हौद्यातले जोर

एप्रिल १७८३. मुंबईहून मलबारकडे निघालेले 'रेंजर' हे ईस्ट इंडिया कंपनीचे बारा तोफांचे जहाज रत्नागिरीच्या दर्यात मराठी आरमाराने गाठले. आरमार पेशव्यांचे, सुभेदार आनंदराव धुळप, आणि मुख्य ठाणे विजयदुर्ग. सालबाईचा तह आदल्याच वर्षी झाला होता, पण समुद्रावरच्या तोफा अजून थंड झाल्या नव्हत्या. काही तास गोळागोळी झाली, मग जहाजाला गलबते भिडली आणि लढाई हातघाईवर आली. रेंजर पाडाव झाले. त्याला विजयदुर्गात आणले गेले आणि जहाजावरचा कर्नल हंबरस्टन जखमांमुळे तिथेच मरण पावला.

विजयदुर्ग आजच्या देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. धुळपांचा वाडा तिथे अजून उभा आहे. या लढाईचा उल्लेख आला की तोफा, गुराबांसारखी लढाऊ जहाजे, तह-करार यांची चर्चा होते. त्या दिवशी गलबताच्या कठड्यावर पाय देऊन रेंजरवर चढलेल्या गड्याच्या अंगाची चर्चा मात्र फारशी होत नाही. खालून गलबत हेलकावे खाते आहे, वर जहाजाची उभी कुस आहे, एक हात दोराला आणि दुसरा हत्याराला. असा माणूस तयार व्हायला काय लागत असेल? त्याचे खांदे, त्याची मूठ, त्याचा दम कुठे घडला?

याचे अर्धे उत्तर दर्यावर आहे आणि अर्धे घाटावरच्या तालमीत.

दर्यावरचे उत्तर आधी पाहू. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, असा आंग्र्यांचा मुख्य ताफा. गुराब मोठी, तोफांनी भरलेली. गलबत लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर, पण प्रत्येकाला चाळीस ते पन्नास दणकट वल्ही. वारा नसला तरी ते तासाला चार मैल कापायचे. वारा पडला की हीच गलबते जड गुराबांना दोर बांधून शत्रूच्या दिशेने ओढत न्यायची. शत्रूच्या डोलकाठ्या आणि शिडे तोफांनी फाडून तो लंगडा झाला की गलबते चहूबाजूंनी भिडायची. एकेका गलबतावर दोनशे-तीनशे माणसे असायची आणि ती तलवारी घेऊन एकाच क्षणी जहाजावर चढायची.

चाळीस गलबते आणि प्रत्येकी चाळीस वल्ही एवढे किमान धरले तरी सोळाशे वल्ही होतात. वल्हे मारताना जोर एकट्या हाताचा नसतो. तळपाय आडव्या फळीला टेकतात, मांड्या ताठतात, कंबर मागे जाते, पाठ उघडते आणि मग हात छातीकडे येतात. पुन्हा पुढे वाकायचे, पुन्हा मागे. घाटावरचा पैलवान बैठकीत मांड्या आणि जोरात छाती-पाठ घडवतो. इथे एकाच फेऱ्यात सगळे अंग कामाला लागते, आणि फेरे मोजायला कोणी बसलेले नसते. शीड चढवतानाचे कामही तसेच. डोलकाठीवर परबाण, म्हणजे शिडाचे आडवे लाकूड, ओढून घ्यायचे म्हणजे ओल्या दोरावर सात-आठ जणांनी एका तालात लोंबकळायचे. मूठ ढिली पडली तर दोर तळहात सोलून जातो. अशा मुठीला तलवार जड वाटत नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या काळी इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर चाल केली आणि त्यांना हात हलवत परतावे लागले. १७२४ मध्ये डच आले, तेही परतले. किल्ला पडला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले, पेशव्यांची फौज जमिनीकडून आली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, आरमार धुळपांकडे गेले, आणि वल्ह्यांवर हात याच किनाऱ्यावरच्या माणसांचे राहिले.

लढणाऱ्याच्या अंगमेहनतीचे शास्त्र मात्र याहून कितीतरी जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ऐकावे, कोणते खेळ पाहावेत, हे सगळे त्यात आहे, आणि त्यात एक भाग मल्लांचा आहे. मल्लांची प्रतवारी लावली आहे, त्यांचा आहार सांगितला आहे आणि त्यांची मेहनत पाच श्रमांत विभागली आहे. भारश्रम म्हणजे वजन उचलणे. भ्रमणश्रम म्हणजे पहाटे लांबवर चालणे. सलिलश्रम म्हणजे पाण्यात पोहणे. चौथा श्रम बाहूंचा, जोडीदाराशी बाहू भिडवून करायचा. पाचवा स्तंभश्रम, म्हणजे खांबावरची मेहनत.

या यादीत ताकद, दम, पाणी, जोडीदार आणि खांब अशी वाटणी केलेली दिसते. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कुणी तरी मल्लाच्या अंगाचा इतका नीट हिशोब मांडला होता. देवगडच्या गलबतावरच्या माणसाला यातला सलिलश्रम जन्मापासून मिळालेला होता आणि भारश्रम पोटासाठी करावाच लागत होता. उरलेले श्रम घाटमाथ्यावर तालमींनी जपले आणि वाढवले.

जुन्या तालमीत शिरताना दार बुटके असते. मान वाकवूनच आत जावे लागते. समोर मारुती, शेंदूर लावलेला. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णेच्या खोऱ्यात मारुती स्थापले, तेव्हापासून मराठी मुलुखात बलोपासना आणि मारुती वेगळे काढता येत नाहीत. मग हौदा. त्यातली तांबडी माती नुसती माती नसते. ती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, काव घालतात. कोरडी पडली तर ती अंग खरवडते, ओली राहिली तर पाय धरते, म्हणून तिची देखभाल रोजची. ती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची, हे नव्या पोराचे पहिले काम. वस्ताद त्याला डाव शिकवायच्या आधी दोन-चार महिने हौदा उकरायला लावतो. पोराला ते नोकराचे काम वाटते. प्रत्यक्षात त्याची कंबर, पोटऱ्या आणि पंजे तिथेच तयार होतात.

मेहनतीचा पाया जोर आणि बैठका. हात-पाय जमिनीवर, ढुंगण वर, मग छाती जमिनीला घासल्यासारखी खालून पुढे न्यायची आणि मान उचलायची. घाटावर याला जोर म्हणतात, उत्तरेत दंड. कुस्तीत समोरच्याच्या खाली शिरून त्याला उचलायचे तर छाती, खांदा आणि कंबर ज्या वाटेने जातात, तीच ही वाट आहे. सपाट्या त्याहून कस काढतात, कारण त्यात उडी, बैठक आणि जोर एका दमात येतात. मानेची मेहनत वेगळी. डोके मातीत टेकून अंग कमानीसारखे उचलायचे आणि मानेवर तोल घेत पुढे-मागे झुलायचे. चितपट होण्यापासून शेवटच्या क्षणी पैलवानाला वाचवते ती मान.

वजनासाठी दगडच. मध्ये मूठ धरायला दांडी ठेवलेली दगडी नाल आणि हाताच्या मिठीत जेमतेम मावणारी गोल गोटी. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत देवळापुढे अशी गोटी पडलेली असते आणि ती कोणी उचलली हे गावाला पाठ असते. जेजुरीला खंडोबाच्या दसऱ्यात हीच परंपरा सोहळ्याच्या रूपात जिवंत आहे. तिथला ४२ किलोंचा खंडा तरुण मंडळी एका हाताने पेलून धरतात, काही जण दातांनी उचलतात. बघायला गर्दी खंडोबाच्या भक्तांची असते, पण जे दाखवले जाते ते तलवारीच्या हाताचे बळ असते.

मुद्गल हे या सगळ्यात सर्वांत बोलके साधन आहे. वर बारीक मूठ, खाली जाड होत गेलेला लाकडी ओंडका. करेल हे साधनही याच कुळातले. जोडी फिरवायची तर दोन्ही मुद्गल मुठीत उभे धरून उभे राहायचे, मुठी छातीसमोर, वजन वर. मग उजवा मुद्गल खांद्यावरून मागे सोडायचा. तो पाठीमागे लोंबतो, कोपर आभाळाकडे जाते, आणि त्याच झोक्याने तो बगलेच्या बाजूने वळून पुढे येतो. तो जागेवर येतो तोच डावा निघतो. सगळे वजन मुठीपासून लांब असल्याने मनगट क्षणभरही सैल सोडता येत नाही. नवख्याचा मुद्गल पाठीवर आपटतो. मुरलेल्याचा मुद्गल पाठीच्या जवळून जातो आणि पाठीला शिवतही नाही.

ही वाट लाकडासाठी आखलेली नव्हती. दांडपट्टा हातात घातला की ते लगेच उमगते. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचीक असते आणि त्याची मूठ खोबळ्यात असते, म्हणजे कोपरापर्यंतचा हात लोखंडी आवरणात बंद होतो. तलवारीत मनगट वळवता येते, पट्ट्यात ते जवळजवळ बांधलेले असते. म्हणून पट्ट्याचे हात कोपरातून आणि खांद्यातून निघतात, डोक्यावरून, पाठीमागून, बगलेवरून, मोठ्या वर्तुळात. मुद्गलाने वर्षभर जो खांदा घडवला, तोच खांदा इथे कामाला येतो. पट्टा शिकणाऱ्याला जमिनीवर ठेवलेले लिंबू कापायला सांगतात. जोर सगळा हवा आणि पाते जमिनीला लागता कामा नये. प्रतापगडावर १६५९ मध्ये जिवा महालाने सय्यद बंडाचा हात तोडला, तो पट्टेकऱ्यावर पट्टेकऱ्याचा वार म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले.

लेझीम तर आपले मूळ पार विसरून गेली आहे. आज तिच्या दांडीवर झांजा असतात, शाळेची मुले ढोलाच्या ठेक्यावर ती खेळतात. मूळची लेझीम म्हणजे धनुष्यच. बळकट बांबूचा धनुष्याकार दांडा आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी. तिरंदाजाने ती ओढायची, डावीकडे-उजवीकडे फिरवायची, म्हणजे खरे धनुष्य ओढताना खांदा थकत नाही. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये छापली गेली. छावणीतल्या शिपायांची मेहनत त्याने पाहिली आणि दंड, मुगदर म्हणजे मुद्गल, आणि साखळीची लेझीम यांचे वर्णन केले. बंदूक आणि तोफ येऊन तीन शतके होत आली होती. धनुष्य कामातून जात चालले होते, पण धनुष्याची मेहनत छावणीत रोज चालू होती.

स्तंभश्रमाची गोष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात येऊन पोहोचते. परंपरा सांगते ती अशी. निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्याला आले आणि त्यांनी दरबारातल्या पैलवानांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना. बाळंभटदादा देवधर हे कोवळ्या वयाचे मल्ल पुढे झाले, तयारीसाठी मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे झाडावर खेळणारी वानरे पाहून त्यांना खांबावरच्या मेहनतीची रीत सुचली. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. कथा श्रद्धेच्या रंगात रंगलेली आहे, पण तिचा गाभा कोणत्याही पैलवानाला पटेल असा आहे. आपल्याहून जड गड्याशी लढायचे तर वजनाने लढता येत नाही. वेलीसारखे त्याच्या अंगाला लपेटून, पकड बदलत राहावे लागते.

खांब म्हणजे तो जड गडी. सागवानी किंवा शिसवी लाकूड जमिनीत पुरलेले, खाली जाड, वर निमुळते, शेवटी बारीक मान आणि तिच्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळतात, कारण घामाने निथळलेला प्रतिस्पर्धीही असाच हातातून निसटत असतो. खेळणारा आधी खांबाला हात लावून नमस्कार करतो. मग अढी, म्हणजे मांड्या आणि पाय खांबाभोवती आवळून धरायचे आणि हात सोडायचे. नुसत्या पायांच्या पकडीवर अंग तरंगत राहते. दसरंगात हातांनी खांब धरून पाय डोक्यावरून वर फेकायचे, मांड्यांनी वरचा भाग पकडायचा, मग धड वर ओढून घ्यायचे आणि पुन्हा तेच. कुस्तीत पायाने पाय बांधणे, मांडीने कंबर आवळणे, पाठीवर जाऊन बसणे, हे सगळे डाव खांबावर आधीच होऊन गेलेले असतात. वेताच्या आणि पुढे दोराच्या मल्लखांबात लोंबकळत्या दोरावर तीच मेहनत चालते. डोलकाठीच्या दोरावर आयुष्य काढलेल्या विजयदुर्गच्या खलाशाला तो दोर नवा वाटला नसता.

बाजीराव स्वतः मल्लखांब करायचा. १८१८ नंतर तो कानपूरजवळच्या बिठूरला गेला, तेव्हा ही विद्याही पुण्यातून निघून गंगेकाठी पोहोचली. बाळंभटदादांची शिष्यपरंपरा, त्यात कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे, हिने ती काशीपर्यंत रुजवली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई बिठूरच्या वाड्यात लहानपणी मल्लखांब शिकल्या, असे परंपरा सांगते.

याच १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल इम्लॅकने देवगडचा किल्ला घेतला. त्याच वर्षी विजयदुर्गही गेला. आरमार मोडले, फौजा मोडल्या. लढणारी माणसे होती तिथेच राहिली, त्यांची नोकरी गेली. पुढे १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय तलवार-बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. इतिहासाचे बारकावे सोडले तर एवढेच म्हणता येईल की अंगाची मेहनत ज्या हत्यारासाठी होती, ते हत्यार हातातून काढून घेतले गेले.

मेहनत मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. दांडपट्टा, लाठी, निशाण मारणे, कुस्ती असे सारे शिकवणारे हे वस्ताद आणि त्यांच्या हाताखाली जोतीराव फुले शिकले, तसेच पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडकेही शिकले. एकाने पुढे शाळा काढल्या, दुसऱ्याने इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. दोघांच्या अंगात एकाच हौद्याची माती होती. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेले बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ सगळे कुस्ती, पोहणे आणि व्यायामाला दिले. परीक्षा हुकली, पण त्या वर्षी कमावलेल्या अंगाने पुढे मंडालेची सहा वर्षे सोसली.

दरम्यान या मेहनतीचा एक तुकडा समुद्रापार गेला होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इथल्या छावण्यांत मुद्गल पाहिले आणि ते हलके करून इंग्लंडात नेले. डोनाल्ड वॉकर याच्या १८३४ च्या व्यायामाच्या पुस्तकात 'इंडियन क्लब' आले. ते युरोपच्या व्यायामशाळांत पसरले, अमेरिकेत पसरले आणि १९०४ च्या सेंट लुइस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. शिंद्यांच्या छावणीतल्या शिपायाचा मुगदर शंभर वर्षांत गोऱ्या बायका-पुरुषांच्या हातातला हलका लाकडी क्लब झाला होता. वजन गेले, पाठीमागून फिरणारे वर्तुळ तसेच राहिले.

इकडे विसाव्या शतकाने या विद्येला शाळेचा आणि संस्थेचा आकार दिला. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकराव उभे राहिले. शेकडो मुले एका रांगेत, एकाच आज्ञेवर जोर, लेझीम, लाठी करताहेत आणि आज्ञा इंग्रजी नव्हे, देशी भाषेत दिल्या जाताहेत, असा सांघिक व्यायाम त्यांनी रुजवला. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' उभा केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. जोराचे प्रकार, मुद्गलाचे हात, मल्लखांबाच्या उड्या, बोथाटी, फरीगदगा, हे सगळे त्यात नोंदले गेले. वस्तादाच्या तोंडी असलेले ज्ञान पहिल्यांदा एवढ्या निगुतीने कागदावर उतरले. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांबासह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा आपल्या संस्थानातून सगळीकडे प्रसार केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, तिथे खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. या मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव निघाला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला.

देवगड-मालवणच्या माणसाला घाटावरचा हौदा भेटला तो बहुधा मुंबईत. कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा सर्वांत जास्त कामगार रत्नागिरी जिल्ह्याने पुरवले. सिंधुदुर्ग हा १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. गिरणगावात गावकीच्या खोल्या झाल्या, तशाच व्यायामशाळाही झाल्या. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात हौदा, भिंतीला टेकलेली मुद्गलांची जोडी, मारुतीची तसबीर. पाळी संपवून आलेला कामगार तिथे घाम गाळायचा. कोकणच्या होडीवर वल्ह्याने कमावलेली पाठ इथे जोर मारत होती. सातारा-कोल्हापूरकडची पोरे त्याच हौद्यात डाव टाकत होती, आणि घाट-कोकण असा भेद त्या मातीत उरत नव्हता. १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला, कामगार पांगले, आणि त्या शेडमधल्या हौद्यांवर पुढे इमारती उठल्या.

तिथून थोड्याच अंतरावर शिवाजी पार्कला मात्र खांब उभाच राहिला. प. ल. काळे गुरुजींनी १९२५ मध्ये स्थापन केलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब सोडला नाही. मुली दोरावरच्या मल्लखांबावर आल्या, परदेशातून शिकायला माणसे आली. १९८१ मध्ये मल्लखांबाचे राष्ट्रीय महामंडळ झाले आणि उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्यांनी ही विद्या देशोदेशी नेली, त्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. आज खांबावर चढणाऱ्या मुलाला खाली कोणी तलवार घेऊन उभे नसते. परीक्षक असतात, गुण असतात. पण पंजा, मांडी आणि श्वास यांची त्याच्याकडून जी अपेक्षा असते, ती बाळंभटदादांच्या वेळची आहे.

मानसोल्लासातल्या पाच श्रमांपैकी चालणे सोडून बाकीच्यांचा हिशोब लावला तर खांब शिवाजी पार्कवर आहे, वजन जेजुरीच्या गडावर आणि गावोगावच्या गोटीत आहे, बाहूंचा श्रम कोल्हापूरच्या हौद्यात आहे. पाण्याचा श्रम मात्र घडला तिथेच राहिला. देवगडच्या बंदरात आता यांत्रिक नौका आहेत, जाळे ओढायला विंच आहे, वल्ही उभी करून ठेवलेली असतात. पण देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर रापण अजून लागते. होडी अर्धवर्तुळात फिरून जाळे सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात. माणसे दोन रांगांत उभी राहतात, दोर कमरेशी घेतात, टाचा वाळूत रोवतात आणि पाठीकडे चालू लागतात. दोन्ही टोके एकमेकांकडे सरकत जातात. मागे पोहोचलेला शेवटचा गडी दोर सोडतो, पाण्याकडे धावत जातो, ओल्या दोरावर पुन्हा मूठ आवळतो आणि पुन्हा मागे चालू लागतो. त्याचे दंड मिठाने पांढरे झालेले असतात. जाळ्याची पिशवी वाळूला लागेपर्यंत त्याच्या अशा कितीतरी फेऱ्या होतात, आणि मासळीचे वाटे पडतात तेव्हा सूर्य बराच वर आलेला असतो.